चेहरा अचानक वाकडा होतो तेव्हा



सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून गळू लागतं. आरशात पाहावं तर एक डोळा मिटत नाही, हसायला गेलं की तोंड एका बाजूला ओढलं जातं. घरात कुणी म्हणतं, वारं लागलं. पुष्कळदा हा असतो 'बेल्स पाल्सी', म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा आजार. दरवर्षी लाखात वीस-तीस जणांना तो होतो.

ही नस मेंदूकडून येताना कानाजवळच्या हाडातल्या बोगद्यातून जाते. अगदी अरुंद जागी तो एक मिलिमीटरही रुंद नसतो. ओठांवर फोड उठवणारा हर्पीसचा विषाणू अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षं निपचित असतो. तोच इथे जागा होत असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. 1996 मध्ये जपानी संशोधकांनी 14 रुग्णांच्या नसेतला द्रव तपासला, तेव्हा 11 जणांत त्याचा अंश सापडला.

पण खरी इजा बहुधा आपलीच प्रतिकारशक्ती करते. तिच्या पेशी विषाणूवर तुटून पडतात, नस सुजते. हातापायाची सूज बाहेर फुगू शकते. इथे चारी बाजूंनी हाड. नस चेपते, तिचा रक्तपुरवठा तुटतो. प्रतिकारशक्तीच्या या भूमिकेकडे एक घटना बोट दाखवते. स्वित्झर्लंडमध्ये 2000-01 च्या हिवाळ्यात नाकात फवारायची फ्लूची लस दिली गेली. तिच्यातला विषाणू निष्क्रिय होता, तरीही नंतर चेहरा लुळा पडण्याचं प्रमाण वाढलं आणि लस मागे घेतली गेली. संशय होता तो प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठी मिसळलेल्या जिवाणूजन्य घटकावर. टोचायच्या नेहमीच्या लसीत तो नसतो.

म्हणूनच इथे प्रतिकारशक्ती 'वाढवणारे' काढे नकोत, तिला आवरणारं स्टेरॉइड हवं, आणि तेही 72 तासांच्या आत. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडच्या अभ्यासात प्रेडनिसोलोन घेतलेल्यांपैकी 94 टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. न घेतलेल्यांपैकी सुमारे 82 टक्के. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण या गोळ्यांनी साखर वाढते. न मिटणाऱ्या डोळ्यात दिवसा थेंब घाला, रात्री मलम लावून तो पट्टीने बंद ठेवा. बुबुळ कोरडं पडलं तर दृष्टीला धोका असतो.

आणखी एक. कपाळाला आठ्या घालता येतात पण तोंड वाकडं आहे, हातात जोर नाही, बोलणं अडखळतंय, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. मग तासाचाही विलंब नको. पण कुठलंही लक्षण असो, निदान घरी करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.