आधी रेंज, मग रिचार्ज

नवं सिमकार्ड घेण्याआधी शेजाऱ्यांना विचारा: तुमच्या आतल्या खोलीत कुणाची रेंज येते? सह्याद्रीच्या आडोशाला एका कंपनीचा टॉवर पोहोचतो, दुसरीचा नाही. तिथे स्वस्त पॅकचा उपयोग शून्य.

मग खर्च. २८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून १२ नव्हे, १३ वेळा करावा लागतो; म्हणून दर दिवसाचा खर्च काढून पाहा. आईवडिलांच्या साध्या फोनला इंटरनेट नकोच असेल, तर फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक हक्काने मागा. तो ठेवणं दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना बंधनकारक केलं आहे.

कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून, आपला नंबर १९०० वर एसएमएस करा. मात्र सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत.