हृदयाची नाडी आणि शेजाऱ्याचे हात
(ज्युबिलीच्या संमेलनांत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आरोग्याविषयीं चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. विषय शोधण्यास आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. आमच्या डाव्या खांद्याच्या पुढच्या हाडाखालीं, कातडीच्या आंत, आगपेटीहूनहि लहान असें एक यंत्र गेलीं कांहीं वर्षें काम करीत आहे. त्यास पेसमेकर म्हणतात. त्याच्या साह्यानें आम्ही आज आपणांपुढें उभे आहों. ह्या यंत्राविषयीं आपल्या भागांत भीति पुष्कळ आणि माहिती थोडी आहे. भीति कमी व्हावी व माहिती वाढावी, एवढाच आमच्या बोलण्याचा हेतु.

हृदयाचे आजार अनेक आहेत. परंतु तिहींमधला भेद प्रत्येकानें ध्यानांत ठेवावा. पहिला हृदयविकाराचा झटका. ह्यांत हृदयास रक्त पुरविणारी वाहिनी तुंबते. छातीवर दाब येतो, हात किंवा जबडा दुखतो, दरदरून घाम सुटतो. रोगी बहुधा शुद्धीवर असतो. दुसरा, हृदयक्रिया अकस्मात् बंद पडण्याचा. ह्यांत मनुष्य उभ्याउभ्या कोसळतो, हांक मारिली तरी ओ देत नाहीं, श्वास थांबतो किंवा नुसते आचके लागतात. तिसरा, नाडी मंद होण्याचा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत विजेचा सूक्ष्म इशारा निघतो व तो खालच्या कप्प्यांस पोंचून हृदय आकुंचन पावतें. निरोगी मनुष्य स्वस्थ बसला असतां मिनिटास ६० ते १०० वेळां असें घडतें. इशाऱ्याची ही वाट मध्येंच खुंटली म्हणजे नाडी ३०–४० वर येते, भोंवळ येते, प्रसंगीं प्राणहि जातो. पेसमेकर आहे तो मुख्यत्वेंकरून ह्या तिसऱ्या आजारासाठीं. तुंबलेली वाहिनी तो मोकळी करीत नाहीं. म्हणून पेसमेकर बसला म्हणजे झटका येणारच नाहीं, असें कोणीं समजूं नये.

आमचा आजार तिसरा. ऐन रोपलावणीच्या दिवसांत आम्ही शेताच्या बांधावर कोसळलों. शेजाऱ्यांनीं कांदा हुंगविण्यांत वेळ दवडला नाहीं. श्वास चालू आहे हें पाहून त्यांनीं लागलीच जीप काढली. चंदगडास नाडी मोजली ती ३४ भरली. तेथून बेळगांवास नेऊन प्रथम गळ्याच्या शिरेंतून तात्पुरती तार घातली, आणि दोन दिवसांनीं कायमचें यंत्र बसविलें. ह्या शस्त्रक्रियेंत छातीचें हाड कापीत नाहींत. तेवढीच जागा बधिर करितात, शिरेंतून बारीक तार हृदयांत सोडतात आणि यंत्र कातडीखालीं ठेवितात. काम तासा-दीड तासाचें. बॅटरी साधारणपणें ८ ते १२ वर्षें पुरते. ती संपत आल्याचें तपासणींत आधींच कळतें व मग यंत्र बदलतां येतें.

मनुष्याच्या शरीरांत असें यंत्र प्रथम बसविलें तें ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं, स्वीडन देशांत. रोगी आर्ने लार्सन हे ४३ वर्षांचे गृहस्थ. त्यांना दिवसांतून अनेकदां मूर्च्छा येत असे. त्यांच्या पत्नीनें शस्त्रवैद्य ओके सेनिंग आणि यंत्रज्ञ रूने एल्मक्विस्ट यांचा पिच्छा पुरविला, तेव्हां कोठें तें यंत्र तयार झालें. पहिलें यंत्र कांहीं तासच चाललें. परंतु लार्सन आयुष्यभरांत २६ यंत्रें वापरून २००१ सालापर्यंत, ८६ वर्षें, जगले. आपल्या ओळखीचें उदाहरण संत मदर तेरेसा यांचें. १९८९ सालीं, वयाच्या ७९ व्या वर्षीं, त्यांना पेसमेकर बसविला. आणि तदनंतर १९९७ सालच्या मार्चपर्यंत त्यांनीं आपल्या संस्थेची धुरा वाहिली. यंत्र बसलें म्हणजे मनुष्य निकामी झाला, असें म्हणणारांस हें उत्तर पुरेसें आहे.

कोणी म्हणेल, गरिबानें एवढा खर्च कसा करावा? महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंत ह्या शस्त्रक्रियेचा समावेश आहे, हें प्रथम सांगतों. दुसरी गोष्ट मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयाची. अमेरिकेंत मरण पावलेल्या माणसांचीं, पुष्कळ बॅटरी शिल्लक असलेलीं यंत्रें त्यांच्या आप्तांच्या संमतीनें काढून, निर्जंतुक करून, तेथील ५३ गरीब रुग्णांस बसविलीं. त्याचा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. कोणासहि यंत्रापासून जंतुसंसर्ग झाला नाहीं व यंत्रहि बंद पडलें नाहीं. शोकाच्या घडीला ज्या कुटुंबांनीं ‘होय’ म्हटलें, त्यांनीं ह्या ५३ जणांस कधीं पाहिलें नव्हतें.

यंत्रासह जगण्याचे नियम थोडे आहेत. पहिले काहीं आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर उचलूं नये, ओझें घेऊं नये. मोबाईल फोन छातीच्या खिशांत ठेवूं नये. दुसऱ्या कानाला लावावा. विजेच्या वेल्डिंगपासून व चालू इंजिनावर ओणवें होण्यापासून दूर रहावें. दूरदर्शन, मिक्सर, पिठाची चक्की ह्यांचें भय नाहीं. यंत्राचें ओळखपत्र नेहमीं जवळ असावें, एम.आर.आय. तपासणीपूर्वीं तें अवश्य दाखवावें. नेमलेल्या तारखेस यंत्र तपासून घ्यावें, मग प्रकृति कितीहि ठणठणीत असो.

आतां मुख्य मुद्दा. कोल्हापूर येथून शंभर किलोमीटरांहून दूर. बेळगांव जवळ खरें, परंतु पावसांत तीहि वाट लांबते. हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसास मात्र मिनिटेंच मिळतात. कांहींहि उपाय न झाल्यास दर मिनिटागणिक जगण्याची आशा शेंकडा ७ ते १० नें घटते. यंत्रें, डॉक्टर, औषधें शहरांत आहेत. तेथवर जीव टिकविणारे हात गांवांतलेच असावे लागतात. कोसळलेला मनुष्य हांकेस ओ देत नसेल व त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर तोंडांत पाणी घालूं नये. त्यास कठीण जागेवर उताणें निजवावें, छातीच्या मध्यभागीं एका हातावर दुसरा हात ठेवून, कोंपर ताठ धरून, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटास १०० ते १२० वेळां दाबीत रहावें. एक थकला म्हणजे दुसऱ्यानें लागावें. पेसमेकर असलेल्या माणसासहि हाच उपाय करावा.

आपल्यांत आजाऱ्यापाशीं प्रथम फादरांस बोलावण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु अशा वेळीं एकानें फादरांकडे धांवावें, दुसऱ्यानें १०८ ला फोन करावा, आणि तिसऱ्याचे हात छातीवरून निघूं नयेत. ह्यासाठीं प्रत्येक वाडींतल्या निदान दोन तरुणांनीं हें शिकून घ्यावें, अशी आमची सूचना आहे. एखाद्या रविवारीं मिस्सेनंतर डॉक्टरांस बोलावून एका तासांत हें शिकतां येईल. तारीख आजच ठरवावी, अशी सर्वांस विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.