मार्च महिना आणि मार्टिन हे नाव

लक्ष्मण, सरस्वती, नामदेव या नावांचा अर्थ आपल्याकडील मुलांना सहसा समजावून द्यावा लागत नाही. ख्रिस्ती घरांतील मुलांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांची पुष्कळशी नावे लॅटिन, ग्रीक किंवा हिब्रू भाषांतून आलेली असल्यामुळे, ज्याचे नाव त्यालाच त्याचा अर्थ ठाऊक नसतो. एखाद्या मार्टिनने आपल्या नावाचा अर्थ विचारला, तर शिक्षकाने त्याला दिनदर्शिकेतील मार्च महिन्याचे पान दाखवावे. कारण या दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे.

मार्स ही प्राचीन रोमन लोकांची युद्धदेवता. आपण ज्याला मंगळ म्हणतो, त्या ग्रहाला पाश्चात्त्यांनी हेच नाव दिले. या देवतेच्या नावावरून लॅटिनमध्ये 'मार्तिउस' हे महिन्याचे नाव झाले, आणि 'मार्सचा' अशा अर्थाने 'मार्तिनुस' हे माणसाचे नाव सिद्ध झाले. पहिल्याचे इंग्रजीत मार्च झाले, दुसऱ्याचे मार्टिन. गोव्यात आढळणारे मार्टिन्स हे आडनावही त्याच कुळातले.

आता युद्धदेवतेला हाच महिना का मिळाला? आपल्याकडे पाऊस ओसरला की दसऱ्याला सीमोल्लंघन करून सैन्ये मोहिमेवर निघत. रोममध्ये हिवाळा सरून वाटा मोकळ्या झाल्या की मोहिमांचा काळ सुरू होई, आणि तो मार्चमध्ये. शेतांचे रक्षणही मार्सकडेच असल्याने वसंतारंभीचा हा महिना त्याला शोभून दिसे. जुने रोमन वर्ष मार्चपासूनच सुरू होत असे. म्हणूनच आज नववा असलेला सप्टेंबर नावाने सातवा आहे. ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा आणि डिसेंबर दहावा. सप्त, अष्ट, नव, दश हे आपले शब्द त्या नावांत कोणालाही ओळखू यावेत, इतकी लॅटिन व संस्कृत या भाषांची सोयरीक निकटची आहे.

चौथ्या शतकात, आज हंगेरीत असलेल्या एका गावी, रोमन सैन्यातील अधिकाऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव मार्तिनुस. शिपाईगड्याच्या मुलाला युद्धदेवतेचे नाव शोभेलच! तोही पुढे सैनिक झाला. त्याच्याविषयी अशी कथा सांगतात की, आमियां नगराच्या वेशीपाशी कडाक्याच्या थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसला. मार्तिनुसने तलवार उपसली, ती आपल्या अंगरख्यावर चालविली आणि अर्धा अंगरखा त्या भिकाऱ्याला दिला. पुढे त्याने शस्त्र ठेविले, संन्यस्त जीवन पत्करिले आणि तो तूर नगराचा बिशप झाला. हाच संत मार्टिन. त्याचा सण ११ नोव्हेंबरला येतो. आणि योगायोग असा की, १९१८ साली पहिल्या महायुद्धातील तोफा थांबल्या त्या याच दिवशी.

त्या अंगरख्याचा उरलेला तुकडा लोकांनी जपून ठेविला. लहान अंगरख्याला लॅटिनमध्ये 'कापेल्ला' म्हणत. तो जेथे ठेविला त्या जागेलाही तेच नाव पडले, आणि पुढे कोणत्याही लहान प्रार्थनामंदिरास ते लागू झाले. गोव्यातील वाटावाटांवर दिसणारे कपेल हे त्याच शब्दाचे रूप होय.

जर्मनीत १४८३ साली एका मुलाचा बाप्तिस्मा संत मार्टिनच्या सणादिवशी झाला, म्हणून त्याचे नाव मार्टिन ठेविले. तोच धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर. त्याच्या नावावरून अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने विसाव्या शतकात स्वतःचे व आपल्या मुलाचे नाव बदलून घेतले. तो मुलगा मार्टिन ल्यूथर किंग. गांधीजींचा मार्ग त्यांच्या कर्मभूमीत जाणून घेण्यासाठी तो १९५९ साली भारतात आला, आणि १९६४ साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

श्रोतेहो, शब्दकोशात मार्टिन या नावापुढे आजही युद्धदेवतेचेच नाव लिहिलेले सापडेल, आणि ते खोटे नाही. परंतु नावाची व्युत्पत्ती आपल्याला वारशाने मिळते. त्याचा अर्थ मात्र ते धारण करणाऱ्याने आपल्या आचरणाने घडवावयाचा असतो. आपापल्या नावाचे मूळ मुलांनी अवश्य शोधावे. आणि ते हाती लागल्यावर, त्या नावात आपण काय भर घालणार, हेही स्वतःला विचारावे.