औंढ्याची वेधशाळा आणि आपली मुलं



आपण दहावी झालो तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ला आपला जिल्हा वेगळा झाला. आज याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा उभ्या राहायला वेळ लागेल. पण तिथल्या कामाचा एक भाग आपली मुलं आजच हाताळू शकतात. तेवढंच सांगायला मी उभी आहे.

अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. गोंगाटातून असा संकेत शोधणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एक म्हणजे 'पायसीबीसी'. ते मुक्त स्रोत आहे. त्याचा कोड गिटहबवर कुणालाही मिळतो. त्या पहिल्या लहरीच्या नोंदीही खुल्या आहेत.

अशा सॉफ्टवेअरची दोन रूपं असतात. आपल्याकडची हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यात येते. तशी एक प्रकाशित आवृत्ती असते. आणि शेतातून नुकत्याच काढलेल्या ओल्या हळदीसारखी दुसरी, अजून काम चालू असलेली. तिच्यात कालची दुरुस्ती असते, तशी एखादी नवी चूकही असू शकते.

ही दुसरी आवृत्ती मिळते 'गिट'मधून. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते तयार केलं. 'गिट क्लोन' म्हटलं की कोडबरोबर त्याचा साठवलेला इतिहासही आपल्या संगणकावर उतरतो. 'गिट पुल'ने नवे बदल येतात. काही बिघडलं तर 'गिट चेकआउट'ने मागच्या आवृत्तीवर जाता येतं. पथ्य एकच: हे सगळं वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवायचं, म्हणजे संगणकावरच्या बाकीच्या कामाला धक्का लागत नाही.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'गिट लॉग'. कुणी, कधी, काय आणि का बदललं, हे त्यात ओळीने वाचता येतं. सर, बाई, तुम्ही लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्यांमधून आम्ही जसे शिकलो, तसंच हे शिकणं आहे. जगातले शास्त्रज्ञ कुठे अडले आणि कसे सुटले, हे नववीतल्या मुलीलाही दिसतं. त्यासाठी फी नाही, कुणाची ओळख लागत नाही.

वेधशाळेची जमीन आपल्या जिल्ह्यातली आहे. तिथे बसून लहरी शोधणारी काही माणसंही आपल्याच जिल्ह्यातली असावीत, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एक विनंती. शाळेच्या संगणक कक्षाला चांगलं इंटरनेट आपण वर्गणीतून देऊ. दिवाळीच्या सुट्टीत मी आठवडाभर येते. मुलांकडून पायसीबीसी बसवून घेऊ आणि ती पहिली लहर त्यांच्याच हाताने पडद्यावर काढू. सोबत कोण कोण येणार, ते आज जेवणाआधी सांगा.