टोंगारिरोच्या वाटेवर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "परदेशातला एखादा अनुभव सांग, पण दहा मिनिटांत." म्हणून न्यूझीलंडला राहायला गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात आम्ही तिघांनी केलेल्या तीन दिवसांच्या भटकंतीबद्दल बोलतो.

त्या देशात डोंगराची तयारी विमानतळावरच सुरू होते. तंबू आणि वापरलेले बूट आणले असतील, तर ते अर्जात लिहावे लागतात. बाहेरची माती आणि बी-बियाणं आत येऊ नये म्हणून अधिकारी तळवे उलटून बघतात. सह्याद्रीचा चिखल आम्ही पुण्यातच जुन्या टूथब्रशनं घासून काढला होता, त्यामुळे पाच मिनिटांत सुटलो.

नोव्हेंबरात आम्ही ऑकलंडहून निघून साडेचार तासांवरच्या टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात पोचलो. तिथली ज्वालामुखींची शिखरं माओरी लोकांना पूर्वजांसारखी आहेत. १८८७ साली न्गाती तूफारेतोआ जमातीच्या प्रमुखानं, होरोनुकू ते हेउहेउ तुकिनो यांनी, ती राष्ट्राच्या स्वाधीन केली. त्यातून न्यूझीलंडचं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. युनेस्कोनं त्याला १९९० मध्ये निसर्गासाठी आणि १९९३ मध्ये संस्कृतीसाठी जागतिक वारसा म्हटलं. तिथली निळी आणि पाचूसारखी हिरवी तळी पवित्र मानतात. पाण्याला हात लावायचा नाही, काठावर डबा उघडायचा नाही. देवळात चप्पल बाहेर काढणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. नव्या शाळेत तिची अजून कुणाशी गट्टी जमलेली नव्हती. हिरव्या तळ्यांचा फोटो आणून दाखवीन, असं तिनं वर्गात सांगून ठेवलं होतं. तिच्या दृष्टीनं सगळी सहल त्या एका फोटोसाठी होती.

पहिली रात्र मांगाटेपोपो झोपडीशेजारी तंबूत काढली. शेगडीवर भात आणि वरून मेतकूट! झोपडीत एक वही असते. आपली नावं, कुठली वाट धरणार, कधी पोचणार, हे तिच्यात लिहायचं. कुणी हरवलं तर शोध या वहीपासून सुरू होतो. लेकीनं आमची तिघांची नावं लिहिली.

सकाळी सोडा स्प्रिंग्ज मागे टाकून, दमछाक करणारा चढ चढून साउथ क्रेटरच्या सपाटीवर आलो. आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या आसपासची ती उंची. पुढे १८८६ मीटरवरच्या रेड क्रेटरची अरुंद धार, आणि तिच्या पलीकडे लगेच तळी. पण धारेवर वारा असा सुटला होता, की पुढची माणसं चक्क खाली बसून सरकत होती. ढग उतरत होते. बायको एवढंच म्हणाली, "इथूनच फिरू या." लेक म्हणाली, "बाबा, जेमतेम तासाभराचं तर राहिलंय!"

आम्ही फिरलो. उतरताना ती आमच्याशी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी खाली तारानाकी धबधब्यापर्यंतची सहा किलोमीटरची सोपी वाट केली. वीस मीटरवरून कोसळणारं पाणी सुंदरच होतं, पण तिनं कॅमेरा बाहेर काढला नाही.

सोमवारी ती धास्तावून शाळेत गेली. संध्याकाळी आली ती हसत. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, "वारा होता का? मग बरोबर केलंत. आम्ही दोनदा परत आलोय." डबा खायला त्या दोघी एकत्र बसल्या होत्या.

मित्रहो, आपण "हाती घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही" हे ऐकत मोठे झालो. अभ्यासात ते खरंच आहे. पण डोंगरात परत फिरणं हाही कार्यक्रमाचाच भाग असतो, आणि तो निघण्याआधीच घरात ठरलेला असावा.

आपल्या तुकडीचे बरेच जण आता मुलांना घेऊन गडांवर जातात. माझी एक सूचना आहे. पायथ्याच्या ज्या घरी आपण चहा घेतो, तिथे एक साधी वही ठेवू या. नावं, वाट, परतायची वेळ आणि घरचा फोन नंबर. आपल्याकडेही शोधायला जाणारी माणसं गावातली आणि गिर्यारोहण संस्थांमधली, बहुतेक स्वतःचं काम टाकून येणारी असतात. त्यांचे तास वाचतील. पहिल्या दहा वह्यांचा खर्च माझ्याकडे लागला.

हिरवी तळी अजून बघायची आहेत. कुणाला यायचं असेल तर जरूर कळवा. बूट मात्र घासून आणा.