मुलींच्या हाती पहिलं पिस्तूल कोणतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, किशोरींच्या गटांतून नेमबाजी शिकायची मागणी येते आहे. सुरुवात एअर पिस्तुलाने करायची की पॉइंट टू टूने, हे त्या विचारतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं ते पॉइंट टू टूवर. मनू भाकरने २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदकं घेतली ती एअर पिस्तुलावर. तेव्हा एक खरं आणि दुसरं खेळण्यातलं, असं मुळीच नाही.

एअर पिस्तुलातून दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. लक्ष्य १० मीटरवर, आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं साडेअकरा मिलिमीटरचं! पॉइंट टू टूमध्ये दारूचं काडतूस असतं. पिन त्याच्या बुडाच्या कडेवर आपटते आणि गोळी सुटते. अंतर २५ मीटर, आवाज मोठा, हाताला झटका. नवशिकी मुलगी त्या आवाजाच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच मनगट आवळते, डोळे मिटते. ही खोड एकदा जडली की सुटता सुटत नाही. म्हणून आधी एअर पिस्तूल, हे माझं स्पष्ट मत. त्यात झटका जवळजवळ नसतो, त्यामुळे आपला हात कुठे हलला ते तिचं तिलाच कळतं. (याच प्रकारात २०१७ पर्यंत पुरुषांना ६० फैरी आणि बायकांना ४० च असत. का, ते तुम्हीच ओळखा.)

दुसरा मुद्दा कायद्याचा. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. पॉइंट टू टूला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लागतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे, मग पोलीस चौकशी. बाईच्या अर्जाची चौकशी घरी आली की उत्तरं कोण देतं, हे आपल्याला सांगायला नको.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. आपल्यातल्या काहीजणी म्हणतात, पिस्तूल घरात असलं की नवरा वचकून राहील. बायांनो, ज्या घरात मारहाण आहे तिथे हत्यार बाईच्या हाती राहील याची हमी कोण देणार? पॉइंट टू टूची गोळी लहान असली तरी जीव घेते. एअर पिस्तूल स्वसंरक्षणाच्या कामाचं नाही, पण डोळा फोडू शकतं. दोन्ही हत्यारं खेळाची आहेत, आणि ती रेंजवरच कुलपात ठेवावीत. हिंसेसाठी २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. तो रस्ता सोडू नका.

खर्चाचं म्हणाल तर स्पर्धेचं परदेशी एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. गटाने आधी क्लबचं वापरावं. फक्त मूठ पाहून घ्या. क्लबातल्या मुठी बहुधा पुरुषी पंज्याच्या असतात, मुलीचं बोट चापापर्यंत नीट पोचत नाही. लहान मापाची मूठ मिळते, डावखुऱ्यांचीही मिळते. ती मागायला लाजू नका. आणि छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी डब्याला हात लावायचा नाही.