मेल्या गुराचा पंचनामा कोण करणार?

(जुईनगर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाल्यावर आपल्यापैकी काही जणांनी मला विचारले की, महागाई, कंत्राटी कामगार, घरांचे प्रश्न असे सारे डोक्यावर उभे असताना गुरांच्या औषधांवर बोलण्याची ही कोणती वेळ? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून मी एकच हकीकत सांगणार आहे. जुईनगरला लागून असलेल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात औषधांचे कारखाने आहेत. आपल्यातले काही जण तसल्याच कारखान्यांत कुप्या भरण्याचे, लेबले लावण्याचे काम करतात. आपले गाव मात्र घाटावर नाहीतर कोकणात, आणि तिथे एखाददुसरे जनावर अजून दावणीला आहे. औषध एका टोकाला तयार होते आणि दुसऱ्या टोकाला टोचले जाते. मधल्या वाटेवर लक्ष कोणाचे असते, एवढाच आजचा विषय.

डायक्लोफेनॅक हे नाव आपल्याला परके नाही. कंबर धरली, गुडघा सुजला की डॉक्टर हेच औषध देतात. १९९० नंतरच्या काळात ते स्वस्त झाले आणि गुरांसाठीही सर्रास वापरले जाऊ लागले. लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशी जुवाखाली उभा राहू लागला, कास सुजलेली गाय दूध देऊ लागली. शेतकऱ्याने ते आनंदाने घेतले यात त्याचा काडीचाही दोष नाही. सरकारने परवाना दिलेले औषध होते. त्याची परीक्षा गाईवर झाली होती आणि गाय बरी होत होती. ती गाय पुढे मेली तर तिला कोण खाते, हा प्रश्न परवाना देणाऱ्यांच्या कागदांत कोठेच नव्हता.

तिला गिधाडे खात होती. औषधाचा अंश असलेले मांस पोटात गेले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि आतल्या इंद्रियांवर पांढरे क्षार साचून तो पक्षी थोड्या दिवसांत मरतो. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातील संख्या हजारी एकावर आली. लांब चोचीच्या गिधाडांपैकी शंभरात तीन-चारच उरली. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाच्या अंत्यविधीची शतकांची रीत त्यामुळे मोडकळीस आली. आता मृतदेहांवर सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे तिथे बसवावी लागली आहेत.

हे कोणाच्या ध्यानात आले आणि केव्हा, ते पाहण्यासारखे आहे. भरतपूरला गिधाडे घटत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९९९ साली लिहून प्रसिद्ध केले. कारण सापडेना. आधी एखाद्या विषाणूचा संशय होता, त्यात वर्षे गेली. अखेर पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांची तपासणी करून लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली डायक्लोफेनॅककडे बोट दाखविले. म्हणजे सुमारे दहा वर्षे हे औषध आपल्या खेड्यापाड्यांत विकले जात होते आणि त्याचा दुष्परिणाम शोधला तो पक्ष्यांच्या अभ्यासकांनी. औषध खात्याने नाही, पशुसंवर्धन खात्याने नाही, आणि ज्यांनी त्यावर नफा कमावला त्यांनी तर नाहीच. विकलेल्या मालाचे पुढे काय झाले हे पाहण्याची सक्ती कोणावर नव्हती.

माणसाच्या बाबतीत निदान आरडाओरड होते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि औषध प्रशासनाचा कारभार चव्हाट्यावर आला. गुरे बोलत नाहीत. त्यांना खाऊन मरणारी गिधाडे तर कोणाच्या मतदारयादीतही नाहीत.

आता बंदीची कथा ऐका. मे २००६ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे परवाने काढून घेण्याचा आदेश दिला. २००८ साली राजपत्रात बंदी आली. त्यानंतर माणसांच्या औषधावर ‘जनावरांसाठी नाही’ असे छापायचे ठरले. कागद पुरा झाला. पण माणसाला एका वेळी लागणारे इंजेक्शन तीन मिलिलिटरचे, म्हणजे ७५ मिलिग्रॅमचे. तरीही बाजारात तीस मिलिलिटरची कुपी मिळतच राहिली. कोणता कंबरदुखीचा रोगी एका वेळी दहा मात्रा टोचून घेणार आहे? किलोमागे एक मिलिग्रॅम धरले तर तीनशे किलोच्या गाईला ३०० मिलिग्रॅम लागतात. त्या एका कुपीत गाईच्या दोन मात्रा सहज बसतात. कुपीचा आकारच सांगत होता की, हे औषध गोठ्यात जाणार आहे. लेबलावर लिहिलेले वाक्य आणि कुपीचे माप, यांतले खरे कोणते हे त्या कुप्या भरणाऱ्या कामगारालाही कळत होते.

२००७ ते २०१० या काळात काही संशोधकांनी ग्राहक बनून अकरा राज्यांतील अडीचशेहून अधिक औषधदुकाने पालथी घातली. बंदीनंतरही शंभरातील ३६ दुकानांत डायक्लोफेनॅक मिळाले. मेलेल्या गुरांपैकी शंभरात एकापेक्षाही कमी गुरांत हे औषध असले तरी गिधाडांचा निर्वंश व्हायला ते पुरे आहे, असे गणित शास्त्रज्ञांनी २००४ मध्येच मांडले होते. मोठी कुपी बंद व्हायला मात्र जुलै २०१५ उजाडावा लागला. त्याही आदेशाविरुद्ध उत्पादक न्यायालयात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांचे म्हणणे फेटाळले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आणि तोवर दुसरी औषधे दुकानात आलेली होती. केटोप्रोफेन गिधाडांना मारते हे २००९ साली दिसून आले होते. ॲसेक्लोफेनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनते, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे बंदी घातलेला माल नाव बदलून त्याच गोठ्यात परत आला होता. या दोघांवर जनावरांसाठी बंदी आली ती ३१ जुलै २०२३ रोजी, आणि निमेसुलाईडवर ३० डिसेंबर २०२४ रोजी. एकेक औषध बाजारात सोडायचे, पक्षी मरू द्यायचे, मग परदेशातल्या नाहीतर इथल्या अभ्यासकांनी पुरावा आणायचा, आणि त्यानंतर काही वर्षांनी राजपत्र काढायचे, अशी ही रीत आहे. युरोपही याबाबत फार शहाणा नाही. हे सारे ठाऊक असताना स्पेनने २०१३ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली.

पक्षी मेले तर आपले काय गेले, असे कोणी म्हणेल. मेलेले ढोर ओढण्याचे काम गावगाड्याने ज्यांच्या माथी मारले होते, त्यांनी १९२७ साली महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या लाचारीला नकार दिला. तो नकार न्याय्यच होता. पण त्यानंतर मेलेल्या जनावरांची विल्हेवाट हे सार्वजनिक काम आहे असे मानून व्यवस्था उभी करायला हवी होती, ती झाली नाही. गिधाडांचा थवा तासाभरात ढोर साफ करीत असे, फुकट करीत असे, म्हणून कोणाला निकड वाटली नाही. गिधाडे गेली तेव्हा गावाबाहेर मढी कुजू लागली, पाणी नासले, कुत्री वाढली, पिसाळलेल्या कुत्र्यांचे चावे वाढले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला आहे की, २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. त्यांत मलबार हिलवरची किती असतील आणि गावकुसाबाहेरची किती, हे आपल्यासारख्यांना सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे असे की, बंदीच्या घोषणेवर आपण समाधान मानू नये. माणसांची औषधे, गुरांची औषधे आणि सौंदर्यप्रसाधनेसुद्धा एकाच कायद्याखाली, १९४० च्या, येतात आणि तपासणारे निरीक्षकही तेच. गुरे पशुसंवर्धन खात्याकडे, गिधाडे वन खात्याकडे. तिघांच्या मधली जागा रिकामी आहे आणि विष त्याच जागेतून जाते. माणसांच्या औषधांचे दुष्परिणाम नोंदविणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात तशी वही असावी, मेलेल्या गुरांच्या काळजाचे नमुने दरवर्षी तपासून जिल्हावार निकाल छापावेत, आणि या तपासणीचा खर्च विकणाऱ्यांकडून वसूल करावा, अशी मागणी आपण केली पाहिजे. नवे वेदनाशामक आले तर ते गिधाडाला निर्धोक आहे हे विक्रीपूर्वी दाखविण्याची जबाबदारीही त्यांचीच. मेलॉक्सिकॅमसारखे निर्धोक औषध आहे, हे २००६ पासून माहीत आहे. म्हणजे शेतकऱ्याला उपाशी ठेवून पक्षी वाचवा, असे कोणी म्हणत नाही.

इथे आपल्या बाजूचीही एक अडचण कबूल केली पाहिजे. औषध स्वस्त व्हावे ही आपलीच मागणी, आणि डायक्लोफेनॅकने नाश केला तो स्वस्त झाल्यावर. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने पशु-औषधी योजना मंजूर केली. तिच्यात ७५ कोटी रुपये ठेवून गुरांची जेनेरिक औषधे स्वस्तात पुरवायची आहेत. आपण तिचे स्वागत करावे. पण स्वस्त औषध अधिक गोठ्यांत पोहोचते, म्हणून त्याच्यामागे तेवढीच दक्षता हवी, हे त्याच दमात सांगावे. नियमाचे ओझे मात्र गरिबावर पडता कामा नये. दुभत्या जनावराला औषध दिल्यावर किती दिवस दूध वापरू नये हे खोक्यावर छापण्याचा नियम २०१२ पासून आहे, आणि मुदत ठरलेली नसेल तर दुधासाठी किमान सात दिवस. एका म्हशीवर संसार चालविणाऱ्या बाईने सात दिवसांचे दूध ओतून द्यायचे तर तिला भरपाई कोण देणार? याचे उत्तर खोक्यावर छापलेले नाही.

गणपतीला आपल्यापैकी पुष्कळ जण गावी जातील. जाल तेव्हा एक काम करा. गावातल्या किंवा बाजारपेठेतल्या औषधाच्या दुकानात विचारा की, गाय लंगडते आहे, कोणते इंजेक्शन द्याल? दुकानदार जे काढून देईल त्याचे नाव, कुपीचे माप, उत्पादनाची तारीख आणि लेबलावर जनावरांविषयी काय छापले आहे ते वहीत टिपून घ्या. विकत घेण्याची गरज नाही. दुकानदाराशी भांडू नका, तो साखळीतली शेवटची कडी आहे. गावाबाहेर ढोर पडले असेल तर ते कोण उचलते, तेही विचारा. परत आल्यावर पुढच्या बैठकीत आपण या वह्या एकत्र करू आणि तालुकावार यादी करून ती औषध प्रशासनाच्या आयुक्तांना देऊ.